निळ्या साडीच्या पाण्यातला हत्ती

डोळे मिटा बघू. पूर्ण मिटा, फटीतून बघायचं नाही. आता समजा, तुम्ही हत्ती आहात. खांबासारखे चार पाय, सुपाएवढे कान, आणि वजन इतकं की तुम्हाला तोलायला ट्रक तोलायचा काटा लागेल. समोर मोठं तळं आहे. ऊन मी म्हणतंय. तुम्ही पाण्यात एक पाय टाकता, मग दुसरा. पाणी गुडघ्याला लागतं, पोटाला लागतं, पाठीवर चढतं. आणखी एक पाऊल, आणि पायाखालची जमीनच संपते.

आता काय होईल? नीट विचार करून सांगा, घाई नाही.

‘बुडणार!’ असं तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी मनात म्हटलं असेल. मुलुंड पूर्वेला, नवघर रोडवरच्या समाधान सोसायटीत तर सगळ्यांनीच म्हटलं असतं. कारण त्या सोसायटीत गेली अठरा वर्षं, दर माघी गणपतीला, न चुकता एक हत्ती बुडत होता.

त्याचं असं होतं. बँकेतून निवृत्त झालेले विद्याधर काका माघी गणपतीत मुलांचं नाटुकलं बसवायचे. गोष्ट ठरलेली, पुराणातली. हत्तींचा राजा तळ्यात उतरतो, मगर त्याचा पाय धरते, हत्ती झगडतो, शेवटी नारायणाला हाक मारतो आणि नारायण धावत येऊन त्याला सोडवतो. तळं म्हणजे काकांच्या पत्नीची, जयंती काकूंची निळी नायलॉनची साडी. दोन मुलं दोन टोकं धरून ती हलवायची की झाल्या लाटा. हत्ती साडीमागे उभा राहायचा, मगर पाय धरायची, आणि मग तो क्षण यायचा ज्यासाठी अख्खी सोसायटी खुर्च्या अडवून बसलेली असायची. हत्ती हात झाडत ओरडायचा, “बुडालो रे, बुडालो!” साडी वर चढायची आणि हत्ती धप्पकन खाली बसायचा. हॉल खो खो हसायचा.

हत्ती कोण होणार हे काका कधी मोठ्याने सांगायचे नाहीत. ते मुलांच्या रांगेवरून नजर फिरवायचे आणि सगळ्यात जाड मुलावर थांबायचे. बस्स.

या वर्षी नजर रुचिरावर थांबली.

रुचिरा सहावीत होती. अंगाने थोराड, आवाजाने त्याहून थोराड. काकांनी तिच्याकडे बघून मान हलवली तसा शेजारी उभा असलेला यज्ञेश, म्हणजे यंदाची मगर, तिच्या कानाशी लागला.

“तू धप्पकन बसलीस ना, की खाली पार्किंगमधल्या गाड्या वाजायला लागतील बघ.”

“तू तुझे दात सांभाळ. थर्माकोलचे आहेत,” रुचिरा म्हणाली.

मुलं हसली, तीही हसली. पण जिना चढताना तिचं हसू दुसऱ्या मजल्यापर्यंतही टिकलं नाही. कारण दुसऱ्या मजल्यावर निहार राहायचा. निहार म्हणजे गेल्या वर्षीचा हत्ती. नाटक संपलं, मांडव निघाला, पण त्याचं ‘बुडालो’ काही गेलं नाही. तो क्रिकेटला उतरला की “बुडालो आला रे!” लिफ्टमध्ये शिरला की “थांबा, बुडालो चढतोय, लिफ्ट बुडेल.” वर्षभर हेच. आता तो खाली खेळायला येतच नव्हता, आणि शाळेतून आला की मागच्या गेटने गुपचूप वर जायचा.

तो दारातच उभा होता. “तुला केलं ना?” त्याने विचारलं.

“हो.”

“सुटलो यार,” तो म्हणाला आणि लगेच त्याला ओशाळल्यासारखं झालं. “म्हणजे… सॉरी. पण तू नाही म्हणू नकोस हां. तू नाही म्हटलंस तर काका परत माझ्याकडे येतील.”

आता कळलं ना, रुचिरा कशात अडकली होती? हो म्हणावं तर वर्षभर आपलं नाव ‘बुडालो’. नाही म्हणावं तर ते पुन्हा निहारच्या गळ्यात.

घरी आजोबा गॅलरीत बसून सुपारी कातरत होते. काशीराम आजोबांचं सगळं आयुष्य मुंबईत गेलं होतं, आधी गिरणीत आणि मग मिळेल त्या कामात. पण जिभेवरचं मालवण काही उतरलं नव्हतं. नातीचं तोंड बघून त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“काय झाला गो चेडवा? तोंड असा कित्याक केलंस?”

रुचिराने सगळं सांगितलं. यज्ञेशचं सांगितलं, निहारचं सांगितलं. आजोबा ऐकत होते, पण त्यांच्या कपाळाला आठी पडली ती भलत्याच ठिकाणी.

“हत्ती बुडता? कोणी सांगल्यान तुका?”

“अहो आजोबा, गोष्टच आहे तशी.”

“गोष्ट ऱ्हवाने बाजूक. हत्ती बुडता, ह्या तुका खरा वाटता?”

रुचिरा विचारात पडली. “एवढा जड आहे. बुडणारच ना?”

आजोबा उठले. न्हाणीघरात जाऊन त्यांनी बादली भरली, खिळ्यांच्या डब्यातून एक खिळा काढला आणि स्वयंपाकघरातून रुचिराच्या आईचा, श्वेताचा, पोह्यांचा मोठा स्टीलचा डबा रिकामा करून आणला. “पप्पा, माझा डबा कशाला?” श्वेता आतून ओरडली. आजोबांनी ऐकलंच नाही.

“उचल दोनय. जड काय?”

“डबा.”

“मगे बुडतलो कोण?”

खिळा सोडला, तो तळाशी गेला. झाकण घट्ट लावलेला डबा सोडला, तो डुलत वर राहिला. रुचिराने तो दाबून पाहिला. हात काढला की तो उसळी मारून वर.

मग आजोबांनी समजावून सांगितलं, ते असं. नुसतं वजन बघून काही कळत नाही. एवढ्या वजनाने जागा किती व्यापली आहे आणि आत हवा किती आहे, ते बघायचं. हत्तीचं पोट म्हणजे पिंपच. पालापाचोळा खाऊन आत वायू धरलेला, वर भल्यामोठ्या फुप्फुसांत हवा. एवढा मोठा देह पाण्यात उतरला की पाणीच त्याला खांदा देतं. त्यांनी हत्ती पोहताना पाहिला नव्हता, पण म्हशी पाहिल्या होत्या. त्यांच्या गावी खाडीपलीकडे गवत चांगलं होतं. होडीत म्हैस कोण घालणार? सकाळी सगळा कळप काठावरून पाण्यात उतरायचा, नाकं तेवढी वर धरायचा आणि पैलतीराला लागायचा. लहानपणी आजोबा म्हशीचं शेपूट धरून पलीकडे जायचे.

“तेंका कोणी शिकवल्यान? खंयच्या क्लासात गेली ती?” आजोबांनी विचारलं आणि बोट वर केलं. “देवान पाठवतानाच सगळा देवन पाठवल्यान. माणसाच्या पोराक पेवक शिकवचा लागता. म्हशीक नाय, हत्तीक नाय.”

“पेवक म्हणजे पोहायला ना?”

“होय तर!”

रात्रीचं जेवण होईपर्यंत श्वेताही त्यात ओढली गेली होती. पोह्यांच्या डब्याचा राग विसरून तिने मोबाईलवर शोधलं. अंदमानात लाकडं ओढायला नेलेले हत्ती समुद्रातून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जायचे. व्हिडिओत निळ्याशार पाण्यात हत्तीचे चारही पाय सायकल मारल्यासारखे सावकाश हलत होते. देह पूर्ण पाण्याखाली होता आणि फक्त सोंड वर. श्वेता खालचं वाचत गेली. इतक्या खोलवरून श्वास ओढताना छातीवर फार ताण येतो. पण हत्तीची फुप्फुसं आतून छातीला घट्ट जोडलेली असतात, त्यामुळे त्याला तो सोसतो.

रुचिराने तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. ती स्वतः दोन वर्षं तरणतलावावर जात होती. पहिल्या दिवशी तिला पाण्यात उतरताना बघून काही मुली खिदळल्या होत्या. पण पाण्यात गेल्यावर तिला जे कळलं होतं ते त्या बारीक मुलींना कळायला महिना लागला. तिला तरंगायला काहीच करावं लागत नव्हतं. पाठीवर पडलं की झालं. जमिनीवर ज्या अंगाला सगळे नावं ठेवायचे, ते अंग पाण्याने एकदाही नाकारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तालमीला ती जरा लवकरच गेली.

“काका, मी हत्ती होते. पण मी बुडणार नाही.”

विद्याधर काका खुर्च्या मोजत होते. “म्हणजे?”

“हत्ती बुडत नाही. तो पोहतो. मी पोहणार.”

“अगं बेटा, नाटक आहे ते.” काका हसले. ते वाईट माणूस नव्हते, हे लक्षात ठेवा. स्वतःच्या खिशातून मुलांना वडापाव आणायचे, कुणाला ताप आला तर घरी जाऊन बघून यायचे. “हे बघ, आरतीला किती लोक येतात? पन्नास. आणि नाटकाला? हॉल पुरत नाही. का येतात? हसायला. हत्ती बुडतो तिथेच हशा आहे.”

“लोक हत्तीला नाही हसत, काका. जो जाडा आहे त्याला हसतात.”

काकांनी चष्मा काढून पुसला. “आणि धर्माचं काय? मोठा देह, मोठा गर्व. त्या देहाचा काही उपयोग नाही, देवाशिवाय कोणी तारत नाही, हे मुलांना कळायला नको? त्यासाठी बुडायलाच पाहिजे.”

“तो देह पण देवानेच दिलाय ना?”

“रुचिरा, वाद घालू नकोस.”

“वाद नाही काका, विचारतेय. देवाने त्याला तरंगणारं अंग दिलं, वर श्वास घ्यायला सोंड दिली. आणि तुम्ही म्हणता त्याचा उपयोग नाही. मग देवाने उगाच दिलं का?”

मागे साडीची घडी मोडत असलेल्या जयंती काकू थांबल्या. त्यांच्या घरात रोज सकाळी पोथी वाचली जायची आणि ती त्याच वाचायच्या. “किती वर्षं झगडतो हो हत्ती?” त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं.

“हजार,” काका म्हणाले.

“पाण्यात?”

“पाण्यातच. मगरीने पाय धरलाय म्हटल्यावर…” काका थबकले, पण लगेच सावरले. “हो, पण पोथीत हेही आहे ना, की पाणी म्हणजे मगरीचं घर. तिची ताकद वाढत गेली, हत्तीची संपत गेली. हत्ती थकला.”

“थकला,” रुचिरा म्हणाली. “बुडाला नाही. हजार वर्षं पाय धरून कोणी खाली ओढतंय, आणि तो बुडाला नाही. आणि बुडाला असता तर हाक कशी मारली असती? बुडालेल्याच्या तोंडात पाणी असतं, काका. आमचे पोहण्याचे सर सांगतात, जो खरंच बुडतो तो ओरडत नाही.”

“हाक मारताना त्याने सोंडेत कमळ वर धरलेलं असतं,” जयंती काकू साडीकडे बघत म्हणाल्या. “ते मी इतकी वर्षं वाचते आहे. सोंड पाण्याबाहेरच होती की त्याची.”

एवढ्यात बाकीची मुलं आली. काकांना सगळ्यांसमोर माघार घेणं जड गेलं, आणि मोठ्या माणसांचं असं होतं कधीकधी. ते म्हणाले, “ठीक आहे. तुला जमत नसेल तर सांग. निहारला सगळं पाठ आहे. त्याला बोलावतो.”

सगळी मुलं रुचिराकडे बघायला लागली. यज्ञेशने थर्माकोलचे दात तोंडातून काढले, न जाणो काही बोलायची वेळ आली तर.

“निहारला नका बोलावू,” रुचिरा म्हणाली. “मी करते.”

“शहाणी मुलगी.”

“पण बुडणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. नंतर म्हणू नका की सांगितलं नाही.”

काकांनी हात झटकला. स्टेजवर उभं राहिलं, समोर माणसं दिसली, दिवे डोळ्यांवर आले की मुलं शिकवलेलंच करतात, असा त्यांचा अठरा वर्षांचा अनुभव होता.

नाटकाच्या संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कढीपत्त्याच्या आणि उदबत्तीच्या वासात माणसं दाटीने बसली होती. रुचिराला करड्या रंगाचा झगा घातला होता, आणि सोंड म्हणून वॉशिंग मशीनची जुनी नळी तोंडासमोर बांधली होती. आजोबा पहिल्या रांगेत, मांडीवर काठी आडवी ठेवून. निहार आतही आला नव्हता आणि बाहेरही गेला नव्हता. दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

आकाश आणि सपनाने साडी पसरली, लाटा सुरू झाल्या. हत्ती आला तसा हशा सुरू झाला. तो अजून बुडालाही नव्हता. यज्ञेश पोटावर सरपटत आला आणि त्याने रुचिराचा पाय दोन्ही हातांनी धरला.

“आणि मगरीने हत्तीला खोल पाण्यात ओढलं!” काकांचा आवाज माइकवरून आला. “हत्ती बुडू लागला…”

साडी वर चढली. गुडघे, कंबर, छाती, डोळे. मागच्या रांगेतून कुणीतरी आधीच ओरडलं, “बुडालो रे!” आणि हॉलमध्ये हशा पिकला. रुचिराला समोरचं काही दिसत नव्हतं, नुसता निळा अंधार आणि त्यापलीकडे हसण्याचा आवाज. धप्पकन खाली बसायला एक क्षण लागला असता, आणि सगळं एकदाचं संपलं असतं.

ती बसली नाही. तिने नळी हातात धरून साडीच्या वर काढली आणि तिच्यातून जोरात श्वास सोडला. फूऽऽऽ.

हशा आणखी मोठा झाला. होऊ दे. ती अंग पुढे झोकून एक एक पाय सावकाश उचलू लागली, सायकल मारल्यासारखा. घाई नाही. व्हिडिओतल्या हत्तीला कुठे घाई होती? साडी डोक्यावर गेली. हॉलला आता हत्ती दिसत नव्हता, फक्त निळ्या पाण्यावर एक सोंड दिसत होती आणि ती पुढे पुढे जात होती. मागून यज्ञेश फरशीवरून घासत येत होता. “अगं हळू! माझी ढोपरं!” तो कुजबुजला. पण पाय सोडला नाही, मगर होता ना.

फूऽऽऽ. सोंड अर्धं स्टेज ओलांडून गेली. हसणं विरळ झालं, मग विस्कटलं, मग नुसती खुर्च्यांची कुरकुर उरली. आणि त्या शांततेत पुढे बसलेल्या एका चिमुकल्या मुलाचा आवाज आला. “आई, तो पोहतोय!”

“पेवता नाय तर काय!” आजोबा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आता पंचाईत झाली ती नारायणाची. पहिलीतली स्वरदा पुठ्ठ्याचं चक्र बोटावर घेऊन विंगेत ‘बुडालो’ची वाट बघत होती. ते ऐकू आलं की पळत जायचं, एवढंच तिला शिकवलेलं. “काका, मी कधी जाऊ?” तिने रडवेलं होऊन विचारलं. काकांनी माइकवर हात ठेवला, पण तो नीट झाकला गेला नाही, आणि अख्ख्या हॉलने ऐकलं.

“रुचिरा! बुड गं! बुड लवकर! तू बुडल्याशिवाय नारायण येणार कसा?”

रुचिरा स्टेजच्या टोकाला पोचली होती. तिने साडी बाजूला सारली आणि डोकं बाहेर काढलं. केस विस्कटलेले, चेहरा घामाने निथळत होता, आणि दाराशी निहार चौकट सोडून दोन पावलं आत आलेला तिला दिसला.

“येऊ दे ना त्याला, काका!” ती म्हणाली. तिच्या आवाजाला माइक कधीच लागला नव्हता. “नारायण यायला मी बुडायलाच कशाला पाहिजे? मी दमलेय. पाय मगरीच्या तोंडात आहे. त्याला यायला एवढं पुरे आहे.”

मग तिने मान वर केली आणि भरल्या गळ्याने नाही, भरल्या छातीने हाक मारली, “नारायणाऽऽ!”

स्वरदाने एकदा काकांकडे पाहिलं, एकदा जयंती काकूंकडे. काकूंनी मान हलवली. स्वरदा चक्र सावरत निघाली. पण स्टेज मोठं आणि तिचे पाय छोटे, तिला पोचायला वेळ लागणार होता. तोपर्यंत हत्तीने नुसतं उभं राहून काय करायचं?

रुचिराने मोठा श्वास घेतला, साडी पुन्हा डोक्यावर ओढली, वळली, आणि पाय धरलेल्या यज्ञेशला ओढत समोरच्या काठाकडे, नारायण येत होता तिकडे, पोहायला लागली.